मराठी शोधनिबंधातील संदर्भसाधनांची निवड आणि नोंद : एक चिकित्सा

प्रस्तावना :

महाविद्यालयीन नियतकालिकांतून आणि चर्चासत्रांच्या ग्रंथांतून प्रसिद्ध होणाऱ्या मराठी शोधनिबंधांचे शेवटचे अर्धे पान सहसा कोणी वाचत नाही. लेखकाने ते शेवटच्या रात्री लिहिलेले असते, संपादकाने ते जागेअभावी आखडलेले असते आणि परीक्षकाने नोंदींची संख्या तेवढी पाहिलेली असते. वस्तुतः निबंधातील विधाने कोणत्या भूमीवर उभी आहेत हे सांगणारा तो एकमेव पुरावा होय. विवेचन कितीही प्रवाही असले, तरी त्याखालचा आधार कच्चा असेल तर ते संशोधन न राहता केवळ निबंधलेखन होते.

संदर्भसाधनांची निवड आणि त्यांची नोंद या दोन क्रिया आपण वेगळ्या मानतो. निवड ही अभ्यासाची बाब आणि नोंद ही टंकलेखनाची, असा एक समज रूढ आहे. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा करावयाची आहे. जे साधन नीट निवडले गेलेले नाही त्याची नोंद नीट होऊच शकत नाही, आणि नीट नोंद करू लागले की निवडीतील उणिवा आपोआप उघड होतात, हे काही प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे येथे दाखविण्याचा प्रयत्न आहे. उदाहरणे मराठी भाषा व साहित्याच्या अभ्यासक्षेत्रातून घेतली असली, तरी इतिहास, समाजशास्त्र, ग्रंथालयशास्त्र आदी विषयांच्या अध्यापकांनाही ती परकी वाटू नयेत.

१. सूची : आधार की आरास?

तळटीप, संदर्भसूची आणि ग्रंथसूची या तीन संज्ञा आपल्याकडे जवळपास समानार्थाने वापरल्या जातात. त्यांतील भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. तळटीप विशिष्ट विधानाचा विशिष्ट पृष्ठावरील आधार दाखविते. संदर्भसूचीत निबंधासाठी प्रत्यक्ष उपयोगात आणलेल्या साधनांची नोंद असते. ग्रंथसूची एखाद्या विषयावर काय उपलब्ध आहे हे सांगते, मग ते सूचीकाराने आपल्या युक्तिवादात वापरलेले असो वा नसो. मराठीत ग्रंथसूचीच्या कार्याचा आदर्श शंकर गणेश दाते यांनी घालून दिला आहे. १८०० ते १९३७ या कालखंडातील मुद्रित मराठी ग्रंथांची त्यांची सूची १९४३ मध्ये, तर १९३८ ते १९५० या कालखंडाची सूची १९६१ मध्ये प्रसिद्ध झाली. एका व्यक्तीने आयुष्य वेचून केलेले ते काम आजही मराठी संशोधकाचे पहिले दार आहे.

आपल्या शोधनिबंधांत मात्र विचित्र सरमिसळ आढळते. शीर्षक 'संदर्भसूची' असे असते आणि आशय ग्रंथसूचीचा असतो. सहा पृष्ठांच्या निबंधाखाली पंचवीस ग्रंथ येतात, त्यांपैकी वीस ग्रंथांचा विवेचनात मागमूसही नसतो. लग्नाच्या पत्रिकेत निमंत्रकांची नावे छापावीत तशी विषयातील मान्यवरांची नावे ओळीने छापली जातात. वाचकावर दडपण आणण्यापलीकडे त्या नावांना तेथे कार्य नसते.

या प्रवृत्तीला आपल्या नियमव्यवस्थेनेही अप्रत्यक्ष आश्रय दिला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यप्रतिबंधक विनियमांनुसार साम्यतपासणी करताना संदर्भ, ग्रंथसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना व ऋणनिर्देश हे भाग वगळले जातात. हे योग्यच आहे, कारण ग्रंथांची नावे सर्वत्र सारखीच असणार. परंतु त्याचा एक परिणाम ध्यानात घ्यावयास हवा. निबंधाच्या प्रत्येक परिच्छेदावर यंत्राची नजर असते, सूचीवर मात्र कोणाचीही नसते. दुसऱ्याच्या निबंधातील सूची जशीच्या तशी उचलली तरी कोणताही आकडा लाल होत नाही. शोधनिबंधाचा हा एकच भाग असा आहे की जो पूर्णतः लेखकाच्या सचोटीवर सोडलेला आहे.

२. एका विधानाचा प्रवास : श्रवणबेळगोळ, आक्षी, कुडल

निवड आणि नोंद यांचा परस्परसंबंध स्पष्ट करण्यासाठी मराठीतील आद्य शिलालेखाचे उदाहरण उद्बोधक ठरते. 'मराठीतील पहिला शिलालेख श्रवणबेळगोळ येथील असून त्याचा काळ शके ९०५, म्हणजे इ. स. ९८३ होय', हे विधान अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी पाठ केले आहे. मार्गदर्शिकांतून, स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांतून आणि तेथून शोधनिबंधांतून ते अखंड वाहत आले आहे.

कर्नाटकातील हासन जिल्ह्यात असलेल्या गोमटेश्वराच्या विशाल मूर्तीच्या पायथ्याशी मराठीतील दोन ओळी आहेत. एक ओळ मूर्ती करविणाऱ्या चामुंडरायाचा, तर दुसरी मूर्तीभोवतीचा परिसर बांधविणाऱ्या गंगराजाचा उल्लेख करते. चामुंडराय दहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील, तर गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनानी, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातील. मूर्तीच्या प्रतिष्ठापनेचा काळ हाच पहिल्या ओळीचा काळ असे गृहीत धरल्यामुळे ९८३ हे वर्ष रूढ झाले. पुढे अभ्यासकांनी अक्षरांच्या वळणाकडे लक्ष वेधले. दोन्ही ओळींचे वळण सारखे आहे, तेव्हा पहिली ओळही गंगराजाच्या काळीच कोरली गेली असावी, असे मत मांडले गेले. मूर्तीचा काळ आणि मूर्तीवरील लेखाचा काळ एकच असतो असे नाही, हा साधा परंतु मूलभूत विवेक या मतामागे आहे.

शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा संग्रह पुणे विद्यापीठाने १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. अलिबागजवळील आक्षी येथील शिलालेखाचा शक त्यांनी ९३४, म्हणजे इ. स. १०१२ असा स्वीकारला आणि त्यामुळे आद्यत्वाचा मान आक्षीकडे गेला. या शकाच्या वाचनाविषयीही मतभेद नोंदविले गेले असून, काहींनी तो दोन शतके अलीकडचा मानला आहे. दरम्यान सोलापूर जिल्ह्यात भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग-कुडल येथील शके ९४०, म्हणजे इ. स. १०१८ चा लेख चर्चेत आला. त्याच्या अखेरीस एक मराठी ओळ आहे. म्हणजे 'पहिला शिलालेख कोणता?' या प्रश्नाचे उत्तर एका ओळीत देता येणारे नाही. कोणत्या वाचनानुसार, कोणाच्या मते आणि कोणत्या निकषावर, हे सांगितल्याशिवाय ते उत्तर अपुरे राहते. नेमके हेच सांगण्यासाठी संदर्भ असतो.

येथे प्रस्तुत लेखिकेने स्वतःचा एक अनुभव नमूद करणे अप्रस्तुत ठरू नये. एम.फिल.च्या लघुप्रबंधात मराठीच्या उत्पत्तिकाळाविषयी लिहिताना ९८३ हे वर्ष निःशंकपणे दिले गेले होते. आधार एका मार्गदर्शिकेचा होता. मार्गदर्शिकेचे नाव सूचीत देणे कमीपणाचे वाटले, म्हणून तिच्याच शेवटी दिलेल्या यादीतून तुळपुळे यांच्या संग्रहाची नोंद उचलून घेतली. मौखिकीच्या वेळी बहिःस्थ परीक्षकांनी शांतपणे विचारले, "हे पुस्तक आपण कोणत्या ग्रंथालयात पाहिलंत?" उत्तर देता आले नाही. त्यांनी पुढे एवढेच सांगितले, "आपण मजकुरात जे लिहिलंय, त्याच्या विरुद्ध मत या पुस्तकात आहे. सूचीतलं पुस्तकच आपल्याविरुद्ध साक्ष देतंय." पदवी मिळाली, परंतु अट घालण्यात आली की ज्या ग्रंथांची पाने उलटलेली नाहीत त्यांची नावे काढून टाकावीत. ११४ नोंदींची सूची ३८ नोंदींवर आली. त्या ३८ नोंदी टंकित करताना जी शरम वाटली, ती पुढील सर्व अध्यापनात उपयोगी पडली आहे.

हा अनुभव अपवादात्मक असता तर येथे सांगण्याचे कारण नव्हते. उसनी सूची केवळ अप्रामाणिक असते असे नव्हे, तर ती चूक दुरुस्त होण्याचा मार्गच बंद करते. लेखिकेने मार्गदर्शिकेचे नाव प्रामाणिकपणे दिले असते, तर वाचकाला विधानाची किंमत कळली असती. तुळपुळे यांचे नाव दिल्यामुळे एक शंकास्पद वर्ष अधिकारी संशोधकाच्या नावाने पुढे सरकले असते. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतल्यानंतर भाषेच्या प्राचीनतेविषयी उत्साहाने लिहिले जाणे स्वाभाविक आहे. अशा वेळी उत्साहाला पुराव्याची शिस्त असणे अधिकच निकडीचे ठरते. आपल्या भाषेचे वय सांगताना जन्मदाखला तपासून घेणे हा भाषेचाच सन्मान होय.

३. मूळ साधन म्हणजे कोणते साधन?

'मूळ साधने पाहावीत' हा उपदेश संशोधनपद्धतीच्या प्रत्येक कार्यशाळेत केला जातो. मूळ साधन कोणत्या आवृत्तीत पाहावे, हा प्रश्न मात्र क्वचितच उपस्थित होतो. साहित्याच्या अभ्यासात तो निर्णायक असतो.

महात्मा जोतीराव फुले यांच्या वाङ्मयाचे उदाहरण घ्यावे. धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेले 'महात्मा फुले समग्र वाङ्मय' महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. फुले यांचे 'तृतीय रत्न' हे १८५५ मध्ये लिहिलेले नाटक मात्र 'पुरोगामी सत्यशोधक' या नियतकालिकातून १९७९ मध्ये प्रथम प्रकाशात आले. साहजिकच १९६९ च्या आवृत्तीत ते नाही, नंतरच्या आवृत्त्यांत त्याचा समावेश झाला. आता एखादा निबंधकार 'समग्र वाङ्मय' एवढीच नोंद करून 'तृतीय रत्न'विषयी लिहितो, तेव्हा त्याने कोणती आवृत्ती पाहिली हे कळण्यास मार्ग राहत नाही. 'समग्र' हा शब्दही कालसापेक्ष असतो, हे त्या नोंदीतून वाचकापर्यंत पोहोचत नाही. विद्या, मती, नीती, गती आणि वित्त यांची साखळी जोडणारी फुले यांची सुप्रसिद्ध ओळ 'शेतकऱ्याचा असूड'च्या उपोद्घातात आहे. ती 'गुलामगिरी'तील म्हणून उद्धृत झालेली आढळते, तेव्हा दोन्ही ग्रंथ सूचीत असून त्यांपैकी एकही उघडलेला नाही, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

ताराबाई शिंदे यांचा 'स्त्रीपुरुष तुलना' हा निबंध १८८२ चा. तो दीर्घकाळ विस्मृतीत गेला होता. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये तो पुनः प्रकाशात आणला, आणि रोझालिंड ओ'हॅनलॉन यांचा इंग्रजी अनुवाद १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. सूचीत केवळ 'शिंदे ताराबाई, स्त्रीपुरुष तुलना, १९७५' अशी नोंद आली, तर अनभिज्ञ वाचक हा ग्रंथ स्त्रीमुक्तिचळवळीच्या काळातील समजेल. केवळ '१८८२' अशी नोंद केली, तर लेखकाने मूळ प्रत हाताळली असा आभास निर्माण होईल. दोन्ही वर्षे आणि संपादकाचे नाव दिले, तरच नोंद सत्य ठरते. त्याचबरोबर त्या दोन वर्षांमधील ९३ वर्षांचे अंतर हा स्वतःच एक अभ्यासविषय आहे, हेही ध्यानात येते. ताराबाईंच्या लेखनाला तत्कालीन प्रतिसाद कोणता मिळाला, याचा शोध घेणारा अभ्यासक फुले यांच्या 'सत्सार'च्या १८८५ मधील दुसऱ्या अंकापर्यंत पोहोचतो. तेथे फुले यांनी ताराबाईंची बाजू घेतलेली दिसते. ज्याने केवळ वाङ्मयेतिहासातील दोन ओळी वाचल्या, त्याला हा धागा सापडत नाही. चांगले साधन दुसऱ्या साधनाकडे नेते, ही त्याची एक खूणच म्हणावी लागेल.

संतसाहित्याच्या क्षेत्रात हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. तुकारामांच्या अभंगांची शासकीय साहाय्याने सिद्ध झालेली 'इंदुप्रकाश' प्रत दोन भागांत १८६९ व १८७३ मध्ये निघाली. वि. ल. भावे यांनी संताजी जगनाडे यांच्या वह्यांच्या आधारे स्वतंत्र गाथा प्रसिद्ध केली. पु. मं. लाड यांच्या प्रस्तावनेसह शासकीय गाथा १९५० मध्ये आली. वारकरी परंपरेतील गाथा आणखी वेगळ्या. या प्रतींतील अभंगांची संख्या, क्रम आणि पाठ सारखे नाहीत. असे असता 'तुकाराम गाथा, अभंग क्र. अमुक' ही नोंद म्हणजे गावाचे नाव न लिहिता घर क्रमांक देण्यासारखे आहे. पत्र पोहोचणार कोठे?

'ज्ञानेश्वरी'बाबतही असेच म्हणता येईल. वि. का. राजवाडे यांनी बीडजवळील पाटांगण येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ मध्ये 'ज्ञानेश्वरी' संपादिली आणि तिच्या भाषेचे व्याकरणही लिहिले. एकनाथांनी शके १५०६ मध्ये केलेल्या पाठशुद्धीनंतरची परंपरा निराळी आहे. पारायणासाठी घरोघरी असलेली प्रत श्रद्धेच्या दृष्टीने पूज्य आहेच, तथापि तेराव्या शतकातील विभक्तिप्रत्ययांवर लिहिणाऱ्याने तिचा आधार घेतला, तर त्याचे निष्कर्ष कोणत्या शतकाविषयी आहेत असा प्रश्न विचारावा लागेल. येथे कोणतीही प्रत सरसकट श्रेष्ठ वा कनिष्ठ नाही. आपला प्रश्न कोणता, यावर योग्य प्रत ठरते. निवडीचे मर्म यातच आहे.

आणखी एक उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या सर्वतोमुखी झालेल्या संदेशाचे. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे भरलेल्या परिषदेतील इंग्रजी भाषणात त्यांनी तीन क्रियापदे वापरली. त्यांचा क्रम शिक्षण, चळवळ आणि संघटन असा आहे. मराठीत रूढ झालेल्या घोषणेत संघटन दुसऱ्या आणि संघर्ष तिसऱ्या स्थानी आहे. घोषणा म्हणून दोन्ही रूपांना आपापले स्थान आहे. परंतु आंबेडकरांच्या विचारातील क्रमाविषयी सिद्धान्त मांडणाऱ्या निबंधाने घोषणाफलकाचा आधार घ्यावा काय? महाराष्ट्र शासनाने आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड १९७९ मध्ये प्रसिद्ध केला. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक' यांचे अंकही वसंत मून यांच्या संपादनाखाली १९९० मध्ये एकत्र उपलब्ध झाले. साधने हाताशी असताना ऐकीव आधारावर विसंबणे याला अडचण म्हणता येत नाही.

४. निवडीच्या कसोट्या

वरील उदाहरणांवरून साधनांच्या निवडीच्या काही कसोट्या निश्चित करता येतात. पहिली कसोटी सान्निध्याची. घटनेच्या, संहितेच्या वा लेखाच्या जास्तीत जास्त जवळ नेणारे साधन प्रथम पाहावे. दुसरी कसोटी पारदर्शकतेची. जो ग्रंथ स्वतःचे आधार दाखवितो त्याच्यावर अधिक भिस्त ठेवावी, कारण त्याची चूकही आपल्याला तपासता येते. तिसरी कसोटी कालज्ञानाची. विषयातील अलीकडचे वाचन कोणते झाले, जुने मत कोणी खोडून काढले, हे माहीत असावे. रा. चिं. ढेरे यांचा 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हा १९८४ चा ग्रंथ न पाहता विठ्ठलदैवताच्या उगमाविषयी लिहिणे आज शक्य नाही. त्यांच्याशी मतभेद असू शकतो, पण त्यांना वळसा घालता येत नाही. चौथी कसोटी विरोधाची. आपल्या मताला छेद देणारे निदान एक सबळ साधन सूचीत असावे. केवळ अनुकूल साक्षीदार उभे करणारी सूची वकिलाची असते, संशोधकाची नव्हे.

विश्वकोश आणि कोशवाङ्मय यांबाबतही विवेक हवा. वाई येथून सिद्ध झालेल्या मराठी विश्वकोशातील नोंद विषयप्रवेशासाठी उत्तम आहे. परंतु निबंधाचा मुख्य सिद्धान्त तिच्यावर उभारणे म्हणजे उंबरठ्यावरच मुक्काम करणे होय. शब्दार्थाच्या बाबतीत तर कोशाचे वर्ष पाहिल्याशिवाय पुढे जाऊच नये. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची आवृत्ती एकोणिसाव्या शतकातील अर्थ सांगते, तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोश यादवकालीन अर्थापर्यंत नेतो. 'लीळाचरित्रा'तील शब्दासाठी आजचा शालेय कोश उघडणे हा कालविपर्यास आहे.

मान्यताप्राप्त नियतकालिकांच्या याद्या निवडीचा भार कितपत हलका करतात? गेल्या काही वर्षांचा अनुभव बोलका आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने आपल्या मान्य नियतकालिकांच्या यादीतून मे २०१८ मध्ये ४,३०५ नियतकालिके वगळली. त्यानंतर 'केअर' यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद करण्यात आल्याचे जाहीर झाले. काल यादीत असलेला लेख आज यादीबाहेर गेल्याने त्यातील पुरावा बदलत नाही, आणि यादीत असल्यामुळे कच्चा लेख पक्का होत नाही. याद्यांच्या काळात आपण 'नियतकालिक यादीत आहे काय?' एवढेच विचारावयास शिकलो. 'लेखात आधार आहे काय?' हा प्रश्न मागे पडला. यादी संपली आहे, निवडीची जबाबदारी पुनः आपल्या टेबलावर आली आहे. तिचे स्वागत करावयास हवे.

यांत्रिक साधनांविषयी एक सूचना आवश्यक आहे. 'शोधगंगा'वरील प्रबंध, ग्रंथालयांचे अंकीय संग्रह यांमुळे तालुक्याच्या गावी अध्यापन करणाऱ्याला पूर्वी दुर्लभ असलेली साधने घरबसल्या मिळू लागली आहेत. ही मोठीच सोय आहे. परंतु कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधारे सूची तयार करून घेण्याची नवी सवय घातक ठरू शकते. अशी यंत्रणा अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाची नोंदही लेखक, प्रकाशक, वर्ष यांसह अत्यंत नीटनेटकी करून देते. आजवरची उसनी सूची निदान खऱ्या पुस्तकांची असे. यापुढे तेवढीही शाश्वती राहणार नाही. जे पुस्तक ग्रंथालयाच्या तालिकेत वा दाते यांच्यासारख्या सूचीत सापडत नाही आणि ज्याचे एकही पान पाहता येत नाही, त्याला आपल्या निबंधात स्थान देऊ नये.

५. नोंदीतील मराठीचे प्रश्न

नोंदीच्या ज्या पद्धती आपण स्वीकारल्या आहेत, त्या बव्हंशी इंग्रजी लेखनासाठी घडलेल्या आहेत. त्या मराठीला लावताना काही खास अडचणी येतात.

पहिली अडचण नावांची. केशवसुत, बालकवी, कुसुमाग्रज, ग्रेस, आरती प्रभू, विभावरी शिरूरकर यांची नोंद टोपणनावाखाली करावी की कृष्णाजी केशव दामले, त्र्यंबक बापूजी ठोमरे, विष्णू वामन शिरवाडकर, माणिक गोडघाटे, चिं. त्र्यं. खानोलकर, मालती बेडेकर या नावांखाली? एकाच सूचीत 'कुसुमाग्रज' आणि 'शिरवाडकर' या दोन स्वतंत्र व्यक्ती म्हणून वावरताना दिसतात. ग्रंथावर जे नाव छापले आहे ते मुख्य मानावे आणि दुसऱ्या नावाकडून त्याकडे निर्देश करावा, ही ग्रंथालयांतील रीत येथे उपयुक्त आहे. ज्ञानदेव, तुकाराम, जनाबाई यांना आडनाव पहिले लिहिण्याचा नियम लावण्याचा अट्टहास करू नये. त्यांच्या ग्रंथांच्या बाबतीत संपादकाचे नाव अनिवार्य मानावे.

दुसरी अडचण कालगणनेची. जुन्या ग्रंथांवर शालिवाहन शक असतो. शकात ७८ मिळवून इसवी सन काढण्याची सवय आपल्याला आहे. परंतु शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते. पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत छापलेल्या ग्रंथाला ७९ मिळवावे लागतात. ग्रंथावरील शक तसाच देऊन पुढे सन देणे सर्वांत सुरक्षित.

तिसरी अडचण 'आवृत्ती' व 'पुनर्मुद्रण' यांतील घोटाळ्याची. मराठी प्रकाशनव्यवहारात पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणण्याची चाल आहे. लेखकाने मजकुरात बदल केला आहे काय, हे प्रस्तावना वाचल्याशिवाय कळत नाही. म्हणजे अचूक नोंदीसाठीही ग्रंथ उघडावाच लागतो.

चौथी अडचण नियतकालिकांची. मराठीतील वैचारिक लेखनाचा फार मोठा भाग नियतकालिकांत विखुरलेला आहे. मुक्ता या मांग समाजातील विद्यार्थिनीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदया'त आला होता. आज तो अनेक संकलनांत आढळतो. संकलनातून घेतला असल्यास तसे स्पष्ट सांगून मूळ प्रकाशनाचा निर्देश करावा. '…मधून उद्धृत' हे दोन शब्द लिहिण्याने लेखकाचा मान कमी होत नाही. उलट, त्याने काय पाहिले आणि काय पाहिले नाही हे सांगण्याचे धैर्य त्यातून दिसते.

पाचवा प्रश्न वर्णक्रमाचा. अनुस्वारयुक्त अक्षरे, 'क्ष' आणि 'ज्ञ' यांचे स्थान याबाबत एकवाक्यता नाही. संगणकाने लावलेला क्रम आणि कोशातील क्रम भिन्न असतात. कोणताही एक क्रम स्वीकारून तो अखेरपर्यंत पाळावा, एवढी अपेक्षा पुरेशी आहे. विरामचिन्हांच्या जागेवरून निबंध परत पाठविणारे परीक्षक पुस्तक खरोखर वाचले आहे काय असे विचारत नाहीत, ही खंतही येथे नोंदविणे भाग आहे.

निष्कर्ष :

१. संदर्भसूची हा शोधनिबंधाचा अलंकार नसून पुरावा आहे. विवेचनात न आलेले साधन सूचीत येऊ नये आणि विवेचनात आलेले साधन सूचीतून गळू नये.

२. दुय्यम साधन वापरणे दोषास्पद नाही. दुय्यम साधन वापरून मूळ साधनाचे नाव देणे हा मात्र दोष होय, कारण त्यामुळे चुकीला अधिकार प्राप्त होतो.

३. प्राचीन व एकोणिसाव्या शतकातील संहितांच्या बाबतीत आवृत्ती, संपादक, मूळ लेखनकाळ आणि प्रकाशनकाळ यांचा निर्देश आवश्यक आहे.

४. नियतकालिकांच्या याद्या, साम्यतपासणीची यंत्रे व सूची बनविणारी साधने ही निवडीच्या विवेकाला पर्याय ठरू शकत नाहीत.

५. महाविद्यालयीन नियतकालिकांच्या परीक्षकांनी प्रत्येक निबंधातील निदान तीन नोंदी प्रत्यक्ष पडताळून पाहाव्यात. शंभर नोंदी मोजण्यापेक्षा तीन उघडून पाहण्याने अधिक साधेल.

समारोपादाखल एक गोष्ट सांगावीशी वाटते. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी प्रकल्पाची सूची घेऊन येतात, तेव्हा प्रस्तुत लेखिका आता त्यांना तोच जुना प्रश्न विचारते, की हे पुस्तक कोठे पाहिले? प्रारंभी वर्गात शांतता पसरते. पुढच्या खेपेस सूची आखूड होऊन येते, आणि एखादा विद्यार्थी आपण होऊन सांगतो की पुस्तक जिल्हा ग्रंथालयात मिळाले, पण त्याची पहिली आठ पाने फाटलेली होती, म्हणून वर्ष देता आले नाही. त्या आठ फाटक्या पानांचा उल्लेख ज्या सूचीत आला, ती खरी सूची होय.